सफरचंदाच्या केकमागचे पाण्याचे गणित

सफरचंदाच्या वजनाचा सुमारे ८५ टक्के भाग पाण्याचा असतो आणि सफरचंद व मसाले घालून घरी केलेला थरांचा केक बिघडतो तो बहुतेक वेळा या पाण्यामुळेच. पाव किलो मैद्याच्या केकमध्ये किसलेले ३०० ग्रॅम सफरचंद घातले, तर त्याबरोबर सुमारे २५५ ग्रॅम पाणी, म्हणजे मैद्याच्या वजनाहूनही अधिक, मिश्रणात येते. तीन अंड्यांतून येणारे पाणी याच्या निम्म्याहून कमी भरते. हे पाणी कोणत्या टप्प्यावर आवश्यक असते, कोणत्या टप्प्यावर नको असते आणि ते शेवटी कोठे जाते, एवढे समजून घेतले तर दिलेल्या कृतीत आपल्या गावाच्या हवेप्रमाणे आणि उपलब्ध साधनांप्रमाणे बदल करणे कोणालाही शक्य होते.

धुळे-जळगाव महामार्गावरील पारोळ्यासारख्या गावात हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. सफरचंदाच्या कळ्या नीट फुटण्यासाठी हिवाळ्यात सात अंश सेल्सिअसखालील थंडीचे शेकडो तास लागतात. खानदेशात तशी थंडी नसल्याने येथील बाजारातले फळ हिमाचल प्रदेश आणि काश्मीरमधून येते. अनेक घरांत ओव्हन नसतो आणि उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून थंड प्रदेशांत लिहिलेल्या कृती येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. पाण्याचा हिशेब मात्र खानदेशच्या स्वयंपाकाला नवा नाही. वरण-बट्टीची बट्टी आधी वाफवून किंवा उकडून मग तुपातेलात तळली जाते, तेव्हा पहिल्या टप्प्यात पाण्याच्या साहाय्याने पीठ शिजते आणि दुसऱ्या टप्प्यात पृष्ठभागावरचे पाणी उडून गेल्यावरच तांबूस, खमंग आवरण तयार होते. केकमध्येही हेच दोन टप्पे असतात. फरक इतकाच की ते एकाच भांड्यात आणि एकाच वेळी पार पडतात.

फळातले पाणी

सफरचंद किसताना त्याच्या पेशी फुटतात, आतील पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, फळातील फिनॉल वर्गाच्या संयुगांच्या आणि हवेतील ऑक्सिजनच्या संपर्कात येते आणि कीस काही मिनिटांत तपकिरी होतो. लिंबाच्या रसातील आम्लामुळे या विकराचे काम मंदावते, शिवाय त्यातील क जीवनसत्त्व ही क्रिया काही काळ परतवते, म्हणून किसावर लिंबू पिळण्याची पद्धत शास्त्राला धरून आहे. किसात थोडी साखर मिसळून तो वीसेक मिनिटे ठेवला, तर परासरणामुळे, म्हणजे कमी संहत द्रावाकडून अधिक संहत द्रावाकडे पाणी जाण्याच्या प्रवृत्तीमुळे, पेशींतले पाणी बाहेर येते. हा कीस स्वच्छ पंचात घालून हलक्या हाताने पिळला की केकच्या मिश्रणातले अनावश्यक पाणी कमी होते; निघालेला रस टाकून न देता पुढे थरांमध्ये भरायच्या मुरंब्यासाठी वापरता येतो.

फळाची जात बदलली की आम्लतेचा हिशेबही बदलतो. बाजारात सर्रास मिळणारे लाल डेलिशियस गोड असून त्यात आम्ल कमी असते, तर हिरव्या ग्रॅनी स्मिथमध्ये मॅलिक आम्ल बरेच अधिक असते. त्यामुळे गोड फळ वापरताना लिंबाचा रस किंवा दही घालणे चवीसाठी आणि खाण्याच्या सोड्यासाठी अशा दोन्ही कारणांनी उपयुक्त ठरते. रावेर-यावल पट्ट्यातील केळी वापरून हाच केक करायचा झाल्यास गणित पुन्हा मांडावे लागते, कारण केळ्यात पाणी सुमारे ७५ टक्के असले तरी पिकलेला गर पिळून ते काढता येत नाही. तेथे दूध किंवा दही यांचे प्रमाण कमी करावे लागते.

एकच गहू, दोन विरुद्ध गरजा

गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिने असतात. पाणी मिळून पीठ मळले गेले की ती एकमेकांशी जोडली जाऊन ग्लुटेन हे ताणले जाणारे जाळे तयार होते. खानदेशातील खापरावरच्या मांड्यांना हे जाळे जितके मजबूत असेल तितके हवे असते, कारण सैल भिजवलेली, पुरण भरलेली पोळी हातांवर फिरवून मोठी करताना ती फाटून चालत नाही. केकला नेमके उलटे हवे असते. मजबूत ग्लुटेनमुळे केक चिवट होतो, म्हणून मैदा सर्वांत शेवटी घालून मिश्रण जेमतेम एकजीव होईपर्यंतच ढवळावे आणि तेल आधी घालावे, म्हणजे त्याचा पातळ लेप पिठाच्या कणांवर बसून पाण्याचा प्रथिनांशी होणारा संपर्क मर्यादित राहतो.

उष्णता देताना काय घडते

केक फुगतो तो कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि आधी फेटताना अडकलेली हवा या तिघांमुळे. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आम्लाशी संयोग होताच लगेच वायू सोडू लागतो. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडे आम्ल आधीच मिसळलेले असते आणि आज मिळणाऱ्या बहुतेक प्रकारांत वायूचा मोठा भाग उष्णता मिळाल्यावर निघतो. यीस्ट आणि अंडी न चालणाऱ्या पत्नीसाठी बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली, असे तिच्या इतिहासात नोंदले आहे. पाव किलो मैद्याला दीड चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा पुरतो. सोडा अधिक झाल्यास आम्ल संपल्यावर उरलेल्या सोड्यामुळे केकला साबणासारखी चव येते.

तापमान वाढू लागले की पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि मऊ होतात. गव्हाच्या पिष्टात ही क्रिया साध्या पाण्यात साधारण ६० अंशांच्या आसपास सुरू होते, परंतु भरपूर साखर असताना साखर पाणी धरून ठेवत असल्याने तिला बरेच अधिक तापमान लागते. हा विलंब केकच्या फायद्याचा असतो, कारण बांधणी घट्ट होण्याआधी वायूला फुगण्यासाठी वेळ मिळतो. अंड्यातील प्रथिने गोठली आणि पिष्ट शिजले की आतील आकार कायम होतो, आणि केकच्या मध्यभागाचे तापमान ९६ ते ९८ अंशांपर्यंत गेले की तो तयार झाला असे समजावे. वरचा तपकिरी रंग मात्र त्या तापमानाला येत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मेलार्ड यांनी १९१२ साली वर्णन केलेली, शर्करा आणि प्रथिनांचे घटक यांच्यातील अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेगाने होते, आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे पुढे जात नाही.

ओव्हन नसलेल्या घरांत तळाशी वाळू किंवा मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून, जाड बुडाच्या कढईत किंवा कुकरमध्ये केक भाजतात. कुकर वापरताना शिट्टी आणि रबरी रिंग काढणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असते आणि त्याच वाटेने सफरचंदातून निघालेली वाफही बाहेर जाते. वाफ कोंडून राहिली तर केक शिजतो, पण वरून फिकट आणि चिकट राहतो. मिश्रण दोन उथळ भांड्यांत वाटून भाजले, तर मध्यभाग लवकर शिजतो, पाणी समान उडते आणि केक आडवा कापण्याची गरजही उरत नाही.

मसाल्यांचा सुगंध

दालचिनीचा मुख्य सुगंधी घटक सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेचा युजेनॉल हे दोन्ही पाण्यात अल्प आणि तेलात सहज विरघळतात. फोडणीचा सुगंध सगळ्या पदार्थात पसरतो त्यामागेही मसाल्यांतील घटकांचा हाच गुणधर्म आहे. त्यामुळे दालचिनी, जायफळ आणि सुंठ यांची ताजी पूड किंचित कोमट तेलात आधी मिसळली, तर सुगंध केकभर सारखा पसरतो. पुरणात जायफळ-वेलची घालणाऱ्या घरांना या मसाल्यांचे गोडाशी जुळणारे नाते वेगळे सांगण्याची गरज नाही.

थरांमधली सीमा

दोन थरांमध्ये काय भरावे, हा खानदेशातील उन्हाळ्यात सर्वांत अवघड प्रश्न असतो. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि फेटलेली साय थंड असेपर्यंतच उभी राहते. त्याशिवाय थरांमधून पाण्याची ये-जा होत असते. ती समजण्यासाठी पदार्थातील एकूण पाण्यापेक्षा त्यातील ‘उपलब्ध पाणी’ पाहावे लागते, म्हणजे साखर, मीठ इत्यादींनी बांधून न ठेवलेले आणि सूक्ष्मजीवांना वापरता येणारे पाणी. ऑस्ट्रेलियन संशोधक डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५० च्या दशकात ही संकल्पना अन्नशास्त्रात रुजवली. शुद्ध पाण्यासाठी हे माप १ असते आणि पाणी नेहमी जास्त मापाच्या थराकडून कमी मापाच्या थराकडे सरकते. साखर न घातलेला चक्का भरल्यास केक काही तासांत ओला पडतो, तो याच कारणाने.

पिळून काढलेला रस, उरलेले सफरचंद, साखर आणि लिंबू एकत्र आटवून केलेला मुरंबा येथे उत्तम उपाय ठरतो. मिश्रण १०४-१०५ अंशांपर्यंत पोचले की साखरेचे प्रमाण सुमारे ६५ टक्के होते, फळातील पेक्टिन आम्लाच्या साहाय्याने पाण्याला जाळ्यात धरते आणि मुरंब्यातील उपलब्ध पाणी केकपेक्षा कमी होते. म्हणून तो केकला भिजवत नाही आणि उन्हात वितळतही नाही. केक पूर्ण गार झाल्याशिवाय मात्र तो भरू नये, अन्यथा आतून निघणारी वाफ थरांमध्येच अडकते.

असा केक फ्रिजमध्ये ठेवणे सहसा टाळावे, कारण शिजलेले पिष्ट पुन्हा स्फटिकरूप घेऊन कडक होण्याची क्रिया चार अंशांच्या आसपास वेगाने होते. साधारण हवेत झाकून ठेवलेला केक एक-दोन दिवसांत संपवावा. कडक उन्हाळ्यात, किंवा साय, चक्का भरला असल्यास, फ्रिजला पर्याय नाही, आणि अशा वेळी लोण्याऐवजी तेल वापरलेला केक अधिक मऊ राहतो.

पारोळ्यातील किंवा अन्य कोणत्याही गावातील वाचकांनी हा केक करताना एक साधा प्रयोग अवश्य करावा: कीस पिळण्याआधी आणि पिळल्यानंतर वजन करून निघालेल्या पाण्याची वहीत नोंद ठेवावी आणि पुढील खेपेला फळाची जात बदलून तीच नोंद पुन्हा करावी. शाळेतील मुलांना सोबत घेऊन केलेल्या अशा चार-पाच नोंदींतून परासरण, आम्ल, पिष्ट आणि उष्णता हे पाठ्यपुस्तकातील शब्द त्यांना हाताने अनुभवता येतील, आणि घरालाही आपल्या हवेत खात्रीने जमणारी स्वतःची कृती मिळेल.