खेळ दाखवायचा, तोही स्वस्तात

रायपूर जिल्ह्यात तिल्दा-नेवऱ्याजवळ तुलसी नावाचं गाव आहे. वस्ती चार हजारांच्या आसपास. त्यातली हजारभर माणसं यूट्यूबच्या व्हिडिओंत या ना त्या नात्याने गुंतलेली. कुणी लिहितं, कुणी कॅमेरा धरतं, आजीबाईसुद्धा अभिनय करतात. सुरुवात मोबाइलवर झाली. २०२३ साली जिल्हा प्रशासनाने गावात ‘हमर फ्लिक्स’ हा स्टुडिओ उभारून दिला, तो नंतर. आधी काम, मग सामान, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तात्यापारा काय, चौबे कॉलनी काय, आमच्या रायपूरच्या घरांतल्या ज्या मुलांना आपला प्लेस्टेशनवरचा खेळ जगाला दाखवायचा आहे, त्यांनीही तोच क्रम धरावा.

मुलांची पहिली मागणी असते कन्सोलचं चित्र लॅपटॉपवर घेणाऱ्या कॅप्चर कार्डाची. बहुतेकांना त्याची गरजच नसते. २०१३ साली प्लेस्टेशन ४ आला तेव्हाच त्याच्या कंट्रोलरवर ‘शेअर’ बटण होतं. कन्सोल मागची पंधरा मिनिटं सतत टिपत असतो; सेटिंगमध्ये जाऊन ती साठपर्यंत वाढवता येतात. गोल झाला की बटण दाबायचं, क्लिप पेनड्राइव्हवर घ्यायची आणि मोबाइलवर कापायची. साध्या पीएस४चं चित्र ७२०पी असतं, प्रो मॉडेलचं १०८०पी. पीएस५वर ‘क्रिएट’ बटण हेच काम आणखी चांगलं करतं. यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही दोन्हींवरून होतं. मात्र खात्यावर लाइव्हची सोय पहिल्यांदा सुरू करताना २४ तास थांबावं लागतं, म्हणून ते आदल्या दिवशीच उरकावं. निन्टेन्डो स्विच तेवढा कंजूष: शेवटची तीस सेकंदं देतो, थेट प्रक्षेपण नाहीच.

कोपऱ्यात आपला चेहरा, वर नाव, मध्येच चॅट असं सगळं सजवायचं असेल तर लॅपटॉप लागतो, आणि ओबीएस स्टुडिओ. हे सॉफ्टवेअर २०१२पासून फुकट आहे आणि अजून त्याच्या तोडीचं दुसरं मला दिसलेलं नाही. पीएसवाल्यांनी आधी ‘रिमोट प्ले’ वापरून पाहावं. कन्सोलचं चित्र घरच्या नेटवर्कवरून लॅपटॉपवर येतं आणि ओबीएस ती खिडकी टिपतं. खर्च शून्य. कन्सोल राउटरला वायरने जोडला की चित्र अडखळणंही बरंच कमी होतं.

एवढ्यावर भागलं नाही, तरच कार्ड. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारी बोटभर लांबीची कार्डं बहुधा एमएस२१०९ या चिपवर चालतात. खोक्यावर ‘४के’ छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे: ४के आत शिरतं, बाहेर १०८०पीच पडतं. हिशेब साधा आहे. १०८०पीच्या सेकंदाला साठ चौकटी न दाबता पाठवायच्या तर जवळजवळ २,००० मेगाबिट लागतात, यूएसबी २.०ची कमाल ४८०. म्हणून हे कार्ड प्रत्येक चौकट जेपीईजीसारखी दाबून पाठवतं आणि बारीक गवत, पाऊस, धूर जरा विरघळल्यासारखे दिसतात. शिकाऊ माणसाला तेवढं चालतं. खरी मेख आवाजात आहे. यातली बरीच कार्डं दोन वाहिन्यांचा ४८ किलोहर्ट्झचा आवाज संगणकाला ९६ किलोहर्ट्झचा एकेरी म्हणून सांगतात, आणि डावं-उजवं एकात मिसळतं. कानाला काहीतरी खटकत राहतं, पण कारण हाती लागत नाही.

लॅपटॉपवरचं चित्र किंचित उशिरा येतं. त्यावर बघून खेळू नये. स्वस्तातला एचडीएमआय स्प्लिटर लावून टीव्हीला थेट जोडणी द्यावी. पडदा काळा आला तर कार्ड परत करायला धावू नये. पीएस४-पीएस५च्या सेटिंगमध्ये एचडीसीपी हे चोरीविरोधी कुलूप असतं, ते बंद करावं. पीएस३मध्ये ते बंद होत नाही, तिथे जुन्या कम्पोनन्ट वायरीच कामी येतात.

यातून वाचलेला पैसा माइकवर लावावा, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. धूसर चित्र लोक चालवून घेतात; न कळणारं बोलणं ऐकत कुणी बसत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४च्या पुढे जातो आणि खोलीत कूलर घरघरत असतो. साधा कॉलर माइक तोंडाजवळ असला, ओबीएसमधला ‘नॉइज सप्रेशन’ फिल्टर लावला, की ती घरघर खूप निवळते.

नेटचं गणितही आधी करावं. सेकंदाला ४ मेगाबिटने तासभर प्रक्षेपण म्हणजे १.८ जीबी. रोजच्या २ जीबीच्या मोबाइल पॅकवर त्या दिवशी मग दुसरं काही करता येणार नाही. डाउनलोडचा वेग सगळे सांगतात, तपासायचा तो अपलोडचा. आणि तो जेवढा मिळतो त्याच्या निम्माच वापरावा.

राहता राहिली वीज. पहिल्या पावसात लाइट गेली की कन्सोल क्षणात बंद पडतो, लॅपटॉपची बॅटरी दुबळी असेल तर तोही. साध्या एमपी४मध्ये चाललेलं रेकॉर्डिंग अशा वेळी उघडतच नाही. ओबीएसमध्ये एमकेव्ही निवडलं असेल तर लाइट जाईपर्यंतचा खेळ शाबूत राहतो, आणि फाइल मेनूतल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने त्याचं एमपी४ करायला मिनिटभर पुरतं.