पडद्यावरचे चित्र का अडखळते?

'चित्रपट' हा शब्द ऐकताच हलणारी, धावणारी चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. खरे पाहता पडद्यावरचे एकही चित्र हलत नसते. स्थिर चित्रे एकामागून एक आपल्यासमोर येतात आणि त्यांतून हालचाल जुळवतो तो आपला मेंदू. ही जुळवाजुळव नीट व्हायची तर दोन अटी पाळाव्या लागतात. चित्रे पुरेशी जलद यावीत, ही पहिली. ती सारख्या अंतराने यावीत, ही दुसरी. पहिली अट सर्वांनाच ठाऊक असते. दुसरीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

आज पुष्कळ घरांत आणि शाळांत दूरचित्रवाणीच्या मोठ्या संचाला संगणक जोडून चित्रपट किंवा पाठ दाखवले जातात. कधीकधी चित्र अडखळू लागते. धावती आगगाडी झटके खात पुढे सरकते, बोलणाऱ्याचे ओठ मध्येच थांबतात. मग लगेच सल्ला मिळतो, "संगणक जुना झाला, वेगवान घ्या." शाळेला देणगी म्हणून मिळालेला चांगला संगणक अशा सल्ल्याने अडगळीत जाऊन पडू शकतो. म्हणून एक पैसाही खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे शोधण्याची रीत आज आपण पाहू.

तंबूतला सिनेमा

सातारा जिल्ह्यात पुसेगावला श्री सेवागिरी महाराजांची मोठी यात्रा भरते. अशा यात्रांतून मालमोटारीवर प्रक्षेपक लादून टुरिंग टॉकीज फिरत आणि तंबू ठोकून गावकऱ्यांना सिनेमा दाखवीत. संगणकाचे दुखणे समजून घ्यायला हा जुना प्रक्षेपक फार उपयोगी पडतो, कारण त्यातले सारे काम डोळ्यांना दिसते.

३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे असतात. बोलपटात सेकंदाला २४ चित्रे दाखवायची असा नियम ठरला. म्हणजे सेकंदाला दीड फूट फिल्म हवी. दोन तासांच्या चित्रपटाला १०,८०० फूट, दोन मैलांहूनही अधिक लांब!

ही फिल्म रिळावरून एकसारख्या गतीने सुटते. पण भिंगापाशी, जिला 'गेट' म्हणतात त्या जागी, ती एकसारखी सरकून चालत नाही. तसे झाले तर पडद्यावर नुसता पांढुरका पट्टा दिसेल. तेथे प्रत्येक चित्र क्षणभर थांबावे लागते. हे काम 'माल्टीज क्रॉस' हे चार खाचांचे चक्र करते. ते फिल्मला झटक्याने एक चित्र पुढे ओढते आणि मग स्थिर धरते. ओढण्याच्या वेळी फिरती झडप प्रकाश अडवते. तीच झडप चित्र स्थिर असतानाही आणखी एकदा प्रकाश अडवते, म्हणून सेकंदाला २४ ऐवजी ४८ वेळा उजेड पडतो आणि डोळ्यांना लुकलुक जाणवत नाही. प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसते, हे ध्यानात ठेवा.

आता एक प्रश्न. रीळ एकसारखे फिरते आणि गेटपाशी फिल्म थांबत थांबत चालते. मग ती तुटत कशी नाही? याचे कारण गेटच्या वर आणि खाली फिल्मचा एक सैल वेढा सोडलेला असतो. त्याला 'लूप' म्हणतात. हा वेढा कधी किंचित मोठा, कधी किंचित लहान होतो आणि दोन गतींतला फरक गिळतो. वेढा नाहीसा झाला की पडद्यावरचे चित्र उड्या मारू लागते.

संगणकातही हीच तीन ठिकाणे असतात. रिळाच्या जागी फाइल, लूपच्या जागी स्मृतीतला राखीव साठा (याला 'बफर' म्हणतात) आणि गेटच्या जागी पडद्याचा ठोका. दोष या तीनपैकीच कोठेतरी असतो. आपण शेवटच्या ठिकाणापासून आरंभ करू.

२४ आणि ६० यांचे न जुळणारे गणित

संगणकाला जोडलेला पडदा बहुधा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो. याला ६० हर्ट्झ म्हणतात. चित्रपटाची चित्रे मात्र सेकंदाला २४. आता ६० ला २४ ने भागा. उत्तर अडीच! पण पडद्याला अर्धा ठोका ठाऊक नाही. म्हणून संगणक एक चित्र ३ ठोके दाखवतो, पुढचे २ ठोके, मग पुन्हा ३, पुन्हा २. म्हणजे एक चित्र ५० सहस्रांश सेकंद टिकते, तर पुढचे फक्त ३३. सरासरी काढली तर ती बरोबर येते. पण डोळा सरासरी पाहत नाही, तो प्रत्येक चित्र पाहतो.

याचा अनुभव वर्गातच घेता येईल. एकाने सारख्या लयीत टाळ्या वाजवाव्यात. दुसऱ्याने दर दोन टाळ्यांना एक पाऊल टाकत चालावे. चाल सरळ दिसेल. मग त्याने एक पाऊल तीन टाळ्यांनी आणि पुढचे दोन टाळ्यांनी, असे चालून दाखवावे. टाळ्यांचा वेग तोच, पण आता तो लंगडत असल्यासारखा दिसेल. कॅमेरा हळूहळू एका बाजूला वळतो किंवा शेवटची नामावली वर सरकते, तेव्हा पडद्यावरचे चित्र असेच लंगडते. संगणक कितीही वेगवान आणला, तरी ६० ला २४ ने निःशेष भाग जाणार नाही!

यावरचा उपाय फुकट आहे. संगणकाच्या पडद्यासंबंधीच्या मांडणीत हर्ट्झचा आकडा बदलता येतो. चित्रपटासाठी तो २४, ४८, ७२ किंवा १२० असा २४ च्या पटीतला निवडावा. संचाला यांपैकी जो चालत असेल तो.

आपल्याकडे आणखी एक आकडा भेटतो. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि दूरचित्रवाणीने सेकंदाला २५ चित्रांची पद्धत स्वीकारली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेही याच पद्धतीने. अशा पद्धतीत २४ चित्रांचा चित्रपट बहुधा सरळ २५ च्या वेगाने चालवीत. त्यामुळे १४४ मिनिटांचा चित्रपट सुमारे १३८ मिनिटांत संपे आणि आवाज किंचित चढा लागे, पण चाल लंगडत नसे. जुने दूरदर्शनचे कार्यक्रम संगणकावर पाहताना म्हणूनच ५० हर्ट्झ निवडावे.

मिरजेचा तंबोरा आणि ४२ सेकंद

कधीकधी आकडा २४ असूनही अधूनमधून एक झटका बसतोच. घड्याळ लावून पाहिले तर तो सुमारे ४२ सेकंदांनी एकदा येतो. हे काय गौडबंगाल?

सांगली जिल्ह्यातले मिरज सतार आणि तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तंबोरा जुळवताना दोन तारा अगदी जवळ आल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, तर आवाज एकसारखा न राहता लहानमोठा होत राहतो. एका तारेची कंपने सेकंदाला २०० आणि दुसरीची २०१ असली, तर हा चढउतार दर सेकंदाला एकदा होतो. तारा जितक्या जवळ, तितका तो संथ. दोन कंपनसंख्यांतला फरक हाच त्याचा वेग.

आपल्या चित्रातही दोन 'तारा' आहेत. अमेरिकेत १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीची पद्धत ठरवताना रंगाच्या व ध्वनीच्या लहरींनी एकमेकींत व्यत्यय आणू नये म्हणून चित्रांचा वेग सुमारे हजारात एक भागाने घटवला गेला. त्याचा परिणाम म्हणून पुष्कळ चित्रपटांच्या फाइलींत वेग २४ नसून २३.९७६ असतो. पडदा नेमका २४ वर असेल तर फरक ०.०२४ चित्र प्रति सेकंद. १ ला ०.०२४ ने भागा, सुमारे ४२ येतात. तेवढ्या सेकंदांनी एक चित्र कमी पडते आणि तेच चित्र दुसऱ्यांदा दाखवावे लागते. तोच तो झटका! पडद्याच्या यादीत २३.९७६ किंवा नुसते '२३' असा आकडा दिसतो तो याच साठी.

लूप रिकामा होतो तेव्हा

वरचे दोष नियमित असतात. अनियमित अडखळण्याचे कारण निराळे असते, आणि ते चित्रांच्या पुरवठ्यात सापडते.

एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांहून अधिक ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ६२ लाख आणि एका सेकंदाला जवळजवळ १५ कोटी बाइट लागतील. दोन तासांचे होतील सुमारे १,००० गिगाबाइट. एवढा चित्रपट ५ गिगाबाइटच्या फाइलीत मावतो कसा? युक्ती अशी की, अधूनमधून एखादेच चित्र पुरते लिहितात आणि मधल्या चित्रांत फक्त बदल टिपतात. स्थिर भिंतीपुढे बोलणाऱ्या माणसाचे ओठच काय ते हलतात. लिहायचे थोडे असते. पण यात्रेतील गर्दी, धो धो पाऊस किंवा गुलालाची उधळण आली की प्रत्येक ठिपका बदलतो. अशा दृश्यात संगणकावरचा भार एकदम वाढतो. येथेही सरासरी फसवते. सरासरी भार झेपत असला, तरी शिखरावरचा भार झेपेलच असे नाही.

हा भार उतरवण्यासाठी संगणकाच्या चित्रविभागात बहुधा एक स्वतंत्र मंडल असते. पण ते ठरावीक लिप्याच वाचू शकते. २००३ साली आलेली 'एच.२६४' ही लिपी वाचणाऱ्या जुन्या मंडलाला २०१३ सालची 'एच.२६५' वाचता येईलच असे नाही. मग सारे काम मुख्य प्रोसेसरवर पडते आणि तो धापा टाकू लागतो. उपाय नवा संगणक नव्हे. तोच चित्रपट जुन्या लिपीत बदलून घेतला तरी भागते.

दोष कसा ओळखावा?

वैद्य जसा नाडी पाहतो, तसे आधी लक्षण पाहावे.

१. झटका नियमित आहे आणि विशेषतः संथ सरकत्या दृश्यात दिसतो: ठोका जुळत नाही. हर्ट्झचा आकडा बदला.

२. झटका दर वेळी त्याच ठिकाणी बसतो. तोच चित्रपट दुसऱ्या संगणकावर लावा. तेथेही तसाच अडखळला, तर फाइलच सदोष आहे. तेथे सुरळीत चालला आणि दृश्य गर्दीचे असले, तर भार झेपत नाही.

३. झटका दर वेळी वेगळ्या ठिकाणी बसतो आणि आवाजही तुटतो: पुरवठा तोकडा आहे. बिनतारी जोडणी काढून तार लावा, किंवा फाइल संगणकातच उतरवून घ्या.

४. पहिला अर्धा तास ठीक, मग अडखळणे सुरू: उष्णतेचा संशय घ्या. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. सांगलीच्या एप्रिलात हे सहज घडते. संगणक बंद करून, वीजजोडणी काढून, पंख्यातली धूळ कोरड्या कुंचल्याने झाडा.

आवाजाकडे लक्ष द्यायला सांगितले, त्यालाही कारण आहे. कान डोळ्यापेक्षा खंडाबाबत अधिक चोखंदळ असतो. म्हणून संगणक बहुधा आवाज अखंड ठेवतो आणि त्याच्याशी मेळ घालायला चित्रे गाळतो किंवा थांबवतो. जुन्या प्रक्षेपकातही आवाज गेटपाशी वाचत नसत. तेथे फिल्म झटके खाते ना! तो सुमारे २० चित्रे अलीकडे-पलीकडे, जेथे फिल्म एकसारखी सरकते, तेथे वाचत. आवाज अखंड आणि चित्र तेवढे अडखळते आहे, तर पुरवठ्यावर सहसा संशय नको; ठोका किंवा भार तपासा.

आणि एक नियम, जो प्रयोगशाळेत तुम्हांला पदोपदी सांगितला जातो: एका वेळी एकच गोष्ट बदला. तार, आकडा आणि पंखा असे तिन्ही एकदम बदलले आणि चित्र सुधारले, तर चित्रपट पाहायला मिळेल, पण दोष कशात होता हे कळणार नाही. आणि तो पुन्हा आला की पुन्हा अंधारात चाचपडावे लागेल.

शेवटी तुमच्यासाठी एक उदाहरण. सेकंदाला २५ चित्रांचा कार्यक्रम ६० हर्ट्झच्या पडद्यावर लावला आहे. प्रत्येक चित्र किती ठोके दाखवावे लागेल? आणि तोच तो क्रम सेकंदात किती वेळा येईल? कागदावर मांडून पाहा. मग टाळ्या वाजवून त्या क्रमाने वर्गात चालून दाखवा.