हौशी बिनतारीचा परवाना

घरांतील चिरंजीवांनीं बिनतारी प्रक्षेपक बसविण्याचा हट्ट धरला, तर वडील मंडळींनीं एक भेद ध्यानांत घ्यावा. रेडिओ ऐकणें निराळें आणि स्वतः लहरी सोडणें निराळें. दुसऱ्या गोष्टीस सरकारी परवाना लागतो. ही सक्ती उगाच नव्हे. 1939 सालीं महायुद्ध पेटतांच हिंदुस्थानांतील हौशी लोकांचे परवाने रद्द झाले; आणि 1942 सालीं मुंबईंत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जागा बदलत चालविलेला काँग्रेस रेडिओ पकडावयास पोलिसांना 12 नोव्हेंबर उजाडला. खोलींत मावणाऱ्या यंत्राचा केवढा हा धाक!

1978 च्या नियमांनीं परीक्षेचे दोन भाग ठेविले: रेडिओचें शास्त्र आणि कायदेकानू. पुसद, दारव्हा, वणीच्या उमेदवारास नागपूरचें केंद्र त्यांतल्या त्यांत जवळचें. वरच्या श्रेणीस मोर्सची कडकट्टही आली. ती पुस्तकांतून येत नाहीं, कानांत मुरावी लागते. ठिपके-रेघा मोजीत बसूं नये. गवयी जसा सूर ओळखतो तसें अक्षर एका नादानें ओळखावें. रोज पंधरा मिनिटें, पण खाडा न करतां. (माजघरापासून अंमळ दूर बसावें, हें बरें.)

या विद्येंत दमडीची प्राप्ति नाहीं. पैसे घेऊन निरोप धाडण्यास बंदीच आहे. मग उपयोग काय, असें आजोबा विचारतीलच. 2004 च्या डिसेंबरांत त्सुनामीनें अंदमानचे दूरध्वनि बंद पडले, तेव्हां हौसेखातर तेथें गेलेल्या भारती प्रसाद यांच्या केंद्रावरून बेटांवरील लोकांची खुशाली मुख्य भूमीवरील आप्तांस पोंचली.