तळाचा मका कुत्र्याच्या बिस्किटात नको

मैत्रिणींनो, पापड-मसाले करणाऱ्या गटाला पाळीव कुत्र्यांची बिस्किटं हा जमण्यासारखा जोडधंदा आहे. ज्वारी-बाजरीचं पीठ, मका, शेंगदाणे, अंडी, सगळं आपल्याच घरातलं. पण विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "बरं झालं, पोत्याच्या तळाचा मका यात खपेल." तिथेच थांबायचं. बुरसटलेलं धान्य कुत्र्यापुढे टाकायची आपली जुनी सवय आहे, आणि घात तिथेच होतो.

ओलसर मका आणि शेंगदाण्यावर जी पिवळट-हिरवी बुरशी येते, ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते थेट लिव्हरवर जातं. कुत्र्याला तर ते फारच लवकर बाधतं. कुत्रं खाणं सोडतं, उलट्या करतं, सुस्त पडतं, डोळे आणि हिरड्या पिवळ्या दिसतात. अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरात मक्यातल्या या विषामुळे कारखान्यात तयार झालेलं खाद्य बाजारातून परत मागवावं लागलं. पुढच्या महिन्यापर्यंत ११० पेक्षा जास्त कुत्री दगावल्याची नोंद झाली. तिथे मर्यादा आहे एक अब्ज भागांत २० भाग. म्हणजे डोळ्याला दिसणार नाही इतकं.

"पण आपण भट्टीत भाजणारच ना?" भाजल्याने बुरशी मरते, विष तसंच राहतं. धुऊन, दळूनही जात नाही. म्हणून खरी काळजी धान्य घेतानाच घ्यायची.

मका वाळलाय का, हे घरीच बघता येतं. कोरडी काचेची बरणी घ्या. तिसरा हिस्सा मका, दोन-तीन चमचे अगदी कोरडं मीठ. झाकण लावून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे. तो मका घेऊ नका. नाही चिकटलं तरी साठवण्याआधी एक-दोन उन्हं द्याच, कारण साठवणीला बारा-तेरा टक्केच ओल चालते. शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, किडके दाणे बाजूला काढा, आणि ते कोंबड्यांनाही घालू नका.

कांदा-लसूण बिस्किटात अजिबात नको, पूडसुद्धा नको. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मनुके आणि चॉकलेटही नको. आपल्या हाताला मसाल्याची सवय, त्यामुळे पीठ मळायची परात आणि मसाल्याचा गिरणीचा डबा वेगळाच ठेवा. मीठ घालायची गरज नाही. बिस्किट हाताने मोडलं पाहिजे. दगडासारखं झालं तर दात तुटतो.

गरम बिस्किटं पिशवीत भरू नका, आत वाफ धरते आणि पुन्हा बुरशीच. पूर्ण गार, कडक वाळल्यावरच पॅक करा. प्रत्येक घाण्याला नंबर द्या, तो पिशवीवर आणि वहीत दोन्हीकडे लिहा. तक्रार आली तर तेवढाच माल परत घेता येईल.

पिशवीवर "हा खाऊ आहे, पूर्ण जेवण नाही" असं स्पष्ट लिहा; दिवसाच्या आहारात खाऊ दहा टक्क्यांच्या वर नको. गटाचा अन्न परवाना माणसांच्या पदार्थांसाठी आहे, त्याचा नंबर इथे छापू नका. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं वेगळं मानक आहे, ते मागवून घ्या. पहिला घाणा विकायच्या आधी प्रयोगशाळेत अफ्लाटॉक्सिनसाठी तपासून घ्या, आणि तो खर्च किंमत ठरवतानाच धरा.