उद्यानातील व्यायाम आणि शुल्क

प्रश्नाचे स्वरूप

साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्याची चढण आणि सांगलीत आमराईतील फेऱ्या हा अनेकांचा नित्याचा व्यायाम आहे. अशा जागांच्या देखभालीला पैसा लागतो. तो व्यायाम करणाऱ्यांकडून घ्यावा की सर्वांच्या करातून भागवावा, हा मूळ मुद्दा.

कर आणि शुल्क

कर सर्वसाधारण कामांसाठी असतो, तर शुल्क विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात घेतले जाते. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेला १९४९ चा महापालिका कायदा, तर सातारा नगरपरिषदेला १९६५ चा नगरपरिषद कायदा लागू आहे. दोन्ही कायद्यांत पाणीपुरवठा अनिवार्य कर्तव्यांत मोडतो आणि उद्याने ऐच्छिक कर्तव्यांत. अंदाजपत्रक आखडले की पहिली कात्री उद्यानाला लागते ती यामुळेच, आणि शुल्काची कल्पनाही तेथूनच पुढे येते.

वापर आणि व्यवसाय

चालणारा किंवा सूर्यनमस्कार घालणारा माणूस जागा अडवत नाही. मासिक फी घेऊन वर्ग चालवणारा प्रशिक्षक मात्र सार्वजनिक जागेतून उत्पन्न मिळवतो. हा भेद सुटला की काय होते, ते इंग्लंडमध्ये दिसले. लिटल स्टोक येथील उद्यानात दर आठवड्याला पाच किलोमीटरची विनामूल्य धाव होत असे. पायवाटा झिजतात, या कारणाने तेथील ग्रामपरिषदेने २०१६ मध्ये संयोजकांकडून पैसे मागितले आणि धावच बंद पडली. सातारा हिल मॅरेथॉनचे प्रवेशशुल्क वेगळ्या जातीचे आहे. २०१२ पासून होणाऱ्या या स्पर्धेत ते पाणी, वैद्यकीय मदत आणि वेळनोंदणीसाठी असते. स्पर्धा ज्या यवतेश्वरच्या रस्त्यावर होते, त्याच रस्त्यावर एरवी कोणीही विनामूल्य धावू शकतो.

शुल्क कोठे योग्य

कास पठारावर फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क आहे आणि ते रास्त आहे. तेथे गर्दीच्या पायांखाली दुर्मीळ वनस्पती तुडवल्या जातात, त्यामुळे संख्येवर नियंत्रण हवेच. रोज त्याच वाटेने फिरणाऱ्यांच्या शहरी उद्यानाला हे कारण लागू होत नाही.

शुल्काच्या मर्यादा

वसुलीसाठी फाटक, पास आणि कर्मचारी लागतात. शुल्क अल्प ठेवल्यास बरेचसे त्यातच खर्ची पडते. वाढवल्यास निवृत्त, गृहिणी आणि मजूर बाहेर राहतात. ज्यांना परवडते त्यांच्यासाठी खासगी जिम असतेच. खुल्या व्यायामशाळांची अडचण वेगळी आहे. साहित्य एकदाच मिळालेल्या निधीतून बसते, पण दुरुस्तीची वार्षिक तरतूद नसेल तर गंजते. ही तरतूद मालमत्ता कराच्या उत्पन्नातूनच व्हायला हवी.

व्यवहार्य विभागणी

व्यक्तिगत व्यायाम पूर्णतः विनामूल्य असावा. सशुल्क वर्ग, चित्रीकरण आणि जाहिरातींसह होणारे कार्यक्रम यांच्याकडून भाडे घ्यावे, आणि ते त्याच उद्यानाच्या दिवे, स्वच्छतागृहे व पायवाटांवर खर्च करून त्याचा हिशेब फाटकावर लावावा.