पहाऱ्याचा सिद्धांत

व्यवस्थापनाच्या गुरूंवर भक्तिभावाने लिहिण्याची आपल्याकडे साथच आहे. सुमंत्र घोषाल यांचे मला कित्येक वर्षे कुतूहल आहे, ते मात्र त्यांच्या भांडणामुळे. ख्रिस्टोफर बार्टलेटबरोबरची त्यांची पुस्तके आणि कोलकात्याचा उन्हाळा व फोंतेनब्लोचे वसंतातले जंगल यांची तुलना करत कंपनीतले वातावरण माणसाला कसे घडवते हे सांगणारे ते गाजलेले भाषण वाचकांना ठाऊक असेलच.

चरित्र भराभर सांगतो. जन्म १९४८, कोलकाता. दिल्लीत भौतिकशास्त्र, मग इंडियन ऑइलमध्ये नोकरी, १९८१ मध्ये अमेरिका. तिथे एमआयटी आणि हार्वर्ड, दोन्हीकडे एकाच काळात वेगवेगळ्या विषयांवर डॉक्टरेट! पुढे फ्रान्समधल्या इन्सिआडमध्ये आणि लंडन बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक.

भांडण पेटले १९९६ मध्ये. ऑलिव्हर विल्यमसन हे अर्थशास्त्रातले बडे प्रस्थ. कंपन्या मुळात असतात कशाला, याचे त्यांचे एक उत्तर असे: माणूस संधी मिळताच कपट करू शकतो, आणि बाजारापेक्षा कंपनीत त्याच्यावर अंकुश ठेवणे सोपे जाते. घोषाल आणि त्यांचे सहलेखक पीटर मोरन यांनी या मांडणीवर थेट घाव घातला. त्यांचा आक्षेप होता की हा सिद्धांत व्यवहारात आणला तर घातक ठरतो, कारण अविश्वास गृहीत धरून रचलेली व्यवस्था अविश्वासच पिकवते.

यासाठी त्यांनी १९५८ चा एक जुना प्रयोग हाताशी धरला. लॉइड स्ट्रिकलंड यांच्या या प्रयोगात निरीक्षकाच्या हाताखाली दोन कामगार दिले होते. एकावर सतत नजर ठेवायची, दुसऱ्यावर क्वचित. काम दोघांचे सारखेच उतरल्याचे निरीक्षकाला दाखवले. पुढे कुणावर नजर ठेवायची हे त्याच्यावर सोडले, तर तो पुन्हा पहिल्याच्याच मागे! पहिल्याने काम केले ते पहाऱ्यामुळे, असे त्याच्या मनाने घेतले होते. ज्याच्यावर पहारा, त्याला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करायची संधीच उरत नाही. आपल्या सरकारी कचेऱ्यांतल्या बायोमेट्रिक हजेरीवर यापेक्षा नेमके भाष्य मी वाचलेले नाही.

विल्यमसन यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. सगळेच लबाड असतात असे त्यांचे म्हणणे नव्हतेच; काही जण असतात, आणि ते आधी ओळखू येत नाहीत, इतकेच. हा मुद्दा दमदार आहे, आणि घोषाल यांना तो पुरता खोडता आला असे मला वाटत नाही.

३ मार्च २००४ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने घोषाल गेले. मागे राहिलेला एक निबंध २००५ मध्ये छापून आला, आणि त्यात तर त्यांनी सगळ्या बी-स्कूलांनाच पिंजऱ्यात उभे केले. एन्रॉन कोसळल्यावर नीतिशास्त्राचे नवे तास सुरू झाले होते. (दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे एन्रॉन आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.) घोषाल यांचे म्हणणे असे की नव्या तासांची गरज नाही, सध्या शिकवताय त्यातले बरेचसे थांबवा. उदाहरणार्थ, जेन्सन आणि मेकलिंग या अर्थशास्त्रज्ञांचा सिद्धांत: व्यवस्थापक हा भागधारकांचा हस्तक, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवा आणि कंपनी भागधारकांसाठीच चालवा. पण भागधारक आपला शेअर विकून सहज बाहेर पडू शकतो. नोकरदाराला दुसरी नोकरी तितक्या सहज मिळत नाही. मग खरी जोखीम कुणाची? व्यवस्थापनशास्त्राने भौतिकशास्त्राचा आव आणला, ही त्यांची तक्रार भौतिकशास्त्राच्या पदवीधराकडून येते याची मला गंमत वाटते. निबंध मात्र एकांगी आहे. आपला १९९२ चा शेअर घोटाळा करायला कुणाला जेन्सन-मेकलिंग वाचावे लागले नव्हते.

२००५ मध्येच घोषाल यांच्या लेखनाचा संग्रह निघाला. ज्युलियन बर्किनशॉ यांच्यासोबत तो संपादित करणाऱ्या गीता पिरामल मुंबईच्या.

२००९ मध्ये विल्यमसन यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही एलिनॉर ऑस्ट्रम यांच्याबरोबर विभागून. पाणी, मासेमारी, जंगल लोक स्वतःच नियम करून कसे सांभाळतात, हा ऑस्ट्रमबाईंचा अभ्यास. त्यांनी अभ्यासलेल्या गावांतही पहारा असतो. फक्त पहारेकरी गावातलाच असतो किंवा गावाला जबाबदार असतो. आपल्या धुळ्याकडे पांझरा नदीवरच्या फडांत, म्हणजे शेतकऱ्यांनीच चालवलेल्या सिंचनव्यवस्थेत, पाटाच्या पाण्यावर देखरेख करणाऱ्या पाटकऱ्याला नेमत ते शेतकऱ्यांचे पंचच. घोषाल यांनी विल्यमसनना द्यायचे राहिलेले उत्तर मला या पाटकऱ्यात दिसते.