पाऊस आला की लाइट मुद्दाम घालवतात?

मुळशीतल्या कोळवण खोऱ्यात जून लागला की एक वाक्य ठरलेलं: "दोन थेंब पडले की मुद्दाम लाइट घालवतात." कितीदा समजावलं तरी ते ऐकू येतंच, म्हणून आता सविस्तर सांगतो.

तार तुटल्याची खबर आली तर पुरवठा बंद करतात, आणि तो करायलाच हवा. पण एरवी बहुतेक वेळा कुणी बटण दाबत नाही. लाइन आपोआप ट्रिप होते. ११ किंवा २२ हजार व्होल्टच्या तारांवर सहसा आवरण नसतं. कोरड्या दिवसांत तारेला घासणारी फांदी कदाचित निभावून जाते. तीच भिजली की तिच्यातून वीज जमिनीत उतरते. उपकेंद्रातला रिले ही गळती ओळखतो आणि ब्रेकर क्षणात फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणारी लाइन, तोडतो. तो तुटला नाही, तर झाडाखालचं जनावर किंवा माणूस दगावेल. एका फीडरवर अनेक गावं असतात, त्यामुळे एका बांधावरचं बांबूचं बेट साऱ्यांना अंधारात ठेवतं. मग लाइनमन भर पावसात, भातखाचरांतून ती फांदी शोधत फिरतो. आणि मे महिन्यात छाटणीला आला तेव्हा त्याला परत कोणी पाठवलं? आपणच ना! अशीच आणखी काही ठरलेली वाक्यं आणि त्यांची उत्तरं:

"झाड माझं, हात लावू देणार नाही." वीज कायदा २००३, कलम ६८: लाइनला अडथळा ठरणारं झाड कार्यकारी दंडाधिकारी काढायला लावू शकतात. झाड लाइनच्या आधीचं असेल तर भरपाईची तरतूदही त्याच कलमात आहे.

"लाकडातून वीज जात नाही." ओल्या, जिवंत लाकडातून जाते.

"कोयता बांधलेल्या काठीने मीच छाटतो." जीव जाईल. लाइन बंद करून, अर्थिंग करूनच छाटणी होते.

"शेंडा उडवला की काम झालं." खुंटाला जोमाने धुमारे फुटतात. तारेकडे जाणारी फांदी बुंध्याजवळच्या फुगवट्याशी कापावी, झाडही जगतं.

"लांबचं झाड बिनधोक." ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मावळ-मुळशीत अख्खी झाडं तारांवर आडवी झाली. पोखरलेलं, कललेलं झाडही कळवा.

"पडलेली तार मेलेली." ती जिवंतच समजा. लांब राहा, १९१२ ला फोन करा.

वेळेवर छाटणी करणं महावितरणचं काम आहे आणि ते होत नसेल तर ग्रामसभेत जाब विचाराच. पण आपल्या बांधावरची तारेला टेकलेली फांदी पावसाआधी कळवणं, आणि छाटणीला वाट देणं, हे आपलं काम आहे.